शेवंतीची पाठवणी

ग्रेट पुष्पक सर्कशीचा तंबू नव्या पनवेलच्या कडेला लागला, तेव्हा जो तो म्हणत होता, आता सर्कस बघायला कोण कडमडणार? नव्याण्णव साल उजाडलं होतं. चौथ्या मजल्यावरची माणसं पलंगावर लोळत केबलची चॅनेलं फिरवत होती. विचुंब्याच्या वाटेवरचं एक भातखाचर मुरूम टाकून सपाट केलेलं, तिथं हा तंबू. बाजूनं रस्त्याच्या कामाचे डंपर धूळ उडवत जायचे. कापडाला इतकी ठिगळं की मूळ रंग कोणता यावर पैज लागावी. हत्ती केव्हाच गेला होता. उरले होते चार कुत्रे, दोन उंट, एक लंगडं घोडं आणि शेवंती सिंहीण.

आणि तरी गर्दी झाली हो! गावागावांतली मंडळी टेम्पो भरून आली. खारघरला नुकत्या उभ्या राहिलेल्या बिल्डिंगींतले नोकरदार स्कूटरवर पुढे एक, मागे एक पोर घेऊन आले. 'सर्कस काय बघायची, सगळं टीव्हीवर असतं,' असं पनवेलच्या बाजारात दिवसभर ऐकवणारे व्यापारी संध्याकाळी पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसलेले. माणसाची जात! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

का येत होते? सोपं आहे. टीव्हीतल्या सिंहाला वास येत नाही. शेवंती रिंगणात यायच्या आधी तिचा वास यायचा, ओला, उग्र, पोटात गोळा आणणारा. गॅलरीतलं पोर आईच्या मांडीवर चढायचं आणि आई नवऱ्याकडं सरकायची. मग ती यायची. सोळा वर्षांची म्हातारी, अर्धे दात पडलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण स्टुलावर चढून तिनं जांभई दिली की अख्खा तंबू श्वास धरायचा. घरी फ्रीज नि टीव्ही असला तरी आपण कुणाच्या तरी खाण्याची वस्तू आहोत, हे माणसाला अधूनमधून आठवून घ्यावंसं वाटतं की काय, कोण जाणे. लोक त्यासाठीच तिकीट काढत होते, एवढं खरं.

तिला रिंगणात आणणारा होता शुक्रा. लाउडस्पीकरवर कॅसेट लागायची, "कॅप्टन शेखर और उनकी रॉयल प्रिन्सेस!" नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे कॅप्टन शेखर म्हणजे कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या कातकरवाडीतला शुक्रा, आणि अंगातला सोनेरी काठाचा कोट त्याच्याआधीच्या उंच माणसाचा, बाह्या मुडपलेला. तरुणपणी तो वीटभट्टीवरून पळून आला तो थेट याच सर्कशीच्या पनवेलच्या मुक्कामात शिरला. खेळाचं वेड वगैरे काही नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते, आणि पिंजरे धुणाऱ्याला इथं दोन वेळ जेवण मिळतं असं कुणीतरी सांगितलं होतं. भुकेपायी आला आणि म्हातारा होईस्तोवर राहिला.

शेवंतीला त्यानं हातावर वाढवली होती. तिची आई जवळ घेईना, तर ह्यानं बाटलीनं दूध पाजलं, कुशीत घेऊन झोपला. नावही त्यानंच ठेवलं, रंग बघून. प्रिन्सेस वगैरे कॅसेटपुरतं. आणि शेवंती त्याच्या हाकेला यायची. पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून त्यानं "ये गं बाय" म्हटलं की उठून निमूट यायची. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात, पिंजऱ्यातून रिंगणात, रिंगणातून परत. त्याच्या हातात चाबूक असायचा, पण तो पब्लिकला आवाज ऐकवायला. "माज्या शबदावर येते ती," तो भेटेल त्याला सांगायचा. आयुष्यात गर्व करावा असं त्याच्याकडं एवढंच होतं. हाक मारताना दुसऱ्या हातात मांसाचा तुकडा असायचा, नाही असं नाही. पण तो आपला आल्यावर तोंडात टाकायला, असंच तो धरून चालला होता.

एके सकाळी मालकांनी, धर्मराजशेठनी, त्याला तंबूमागं बोलावलं. शेठ खुर्चीत बसून जोडे बघत होते. तोंड वर न करताच म्हणाले, "शुक्रा, परवा गाडी येतेय. सरकारची. शेवंतीला न्यायला."

कायदा आला होता. सिंह, वाघ, अस्वलं, माकडं, यांचे खेळ बंद. मोठ्या सर्कशींचे मालक कोर्टात भांडत होते. शेठच्या अंगात भांडायची रग उरली नव्हती, त्यांनी आपण होऊनच कळवून टाकलं होतं.

"घाटावर लांब कुठं तरी सरकारनं रान राखलंय," शेठ म्हणाले. "मोठं कुंपण आहे, झाडं आहेत, पाणी आहे. तिला कुणी स्टुलावर चढवणार नाही. म्हातारपण सुखात जाईल बघ. आपल्याकडं काय आहे? तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"मी जाऊ संगती?"

"तुला कसे नेतील, वेड्या?"

शुक्रा पिंजऱ्याकडं वळला. शेठना वाटलं समजला. ते उठले आणि जाताजाता म्हणाले, "आणि हे बघ, त्या दिवशी तिला काही घालायचं नाही. डॉक्टरांचा निरोप आहे."

"ते मला सांगाया पायजे काय शेठ?"

खरंच, नको होतं. मुक्काम हलवायच्या दिवशी जनावर उपाशी ठेवायचं, हे सर्कशीतलं पहिलं शास्त्र. भरल्या पोटाचा सिंह जागचा हलत नाही, आणि हलवलाच तर गाडीत ओकतो. उपाशी ठेवायचा, नव्या पिंजऱ्यात पुढं मांस टाकायचं, आत गेला की दार पाडायचं, नव्या गावात पोचल्यावर पोटभर घालायचं. शुक्रानं हे आयुष्यभर पाळलं होतं. पाळलं नाही म्हणून दुसऱ्यांना शिव्या घातल्या होत्या, एकाला तर कानफटवलं होतं. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस! आता याला काय म्हणावं?

आदल्या दिवशी दुपारी त्याची बायको चिंधी वाडीवरून आली, फडक्यात भाकर आणि सुकट बांधून. ती सर्कशीबरोबर कधी हिंडली नव्हती. मोळ्या विकल्या, भट्टीवर विटा थापल्या, पोर वाढवली. नवरा वर्षा-दोन वर्षांनी पाहुण्यासारखा यायचा आणि शेवंतीच्या गोष्टी सांगून जायचा. चिंधी तिला सवत म्हणायची. सुरुवातीला रागानं, मग सवयीनं.

"काय गं सवती, चाललीस म्हनं?" ती पिंजऱ्यासमोर उकिडवी बसत म्हणाली. "आता तरी सोडशील काय आमच्या मानसाला?"

शेवंतीनं शेपूट हलवून माशा हाकलल्या. शुक्रा भाकर मोडत होता, पण घास काही तोंडात जात नव्हता.

"कदी नेतान?" चिंधीनं विचारलं.

"उद्या. अकराच्या आत."

"जेवली?"

"नाय. उपाशी ठेवायची हाय. परवास हाय ना."

चिंधीनं सुकट त्याच्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "दिपा पन उपाशीच गेली."

बोलली ती अगदी साधं, पाऊस थांबला म्हणावं तसं. पण शुक्राच्या हातातली भाकर तशीच राहिली.

दिपा त्यांची एकुलती एक लेक. त्यांच्या वाडीत रीत होती. लग्न लागल्यावर पोर निघताना बापानं तिला आपल्या हातानं भात-मासळीचे घास भरवायचे, तिचं पोट भरलं की मगच तिनं वाट धरायची. बापाच्या घरातून पोर उपाशी गेली तर तिला पुढं कुठलंच घर भरवत नाही, असं म्हातारी माणसं म्हणत. दिपाच्या लग्नाला शुक्रा आला नाही. सर्कस तेव्हा नागपूरकडं होती आणि शेवंती आजारी पडली होती. उद्या निघतो, उद्या निघतो, असं करत तो तिच्या पिंजऱ्याशीच बसून राहिला. इकडं काका घास घेऊन उभा, आणि पोर म्हणतेय, बापूस येल. टेम्पोवाला हॉर्न मारून मारून कंटाळला. शेवटी दिपा तशीच गेली. तेव्हापासून बापाशी एक शब्द बोलली नव्हती. तिच्या घरी गेला तर मागल्या दारानं निघून जायची.

"हिच्यापायी माझी पोर उपाशी गेली, आता ही पन उपाशी चालली," चिंधी उठत म्हणाली. "जा बाय. तुझा बापूसच तसला."

बाई बोलून मोकळी झाली आणि नळावर भांडी घासायला गेली. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण एखादा शब्द असा बसतो की निघता निघत नाही. त्या रात्री शुक्राचा डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडल्याबरोबर तो पनवेलच्या मटण बाजारात गेला. सर्कशीत शेवंतीला म्हशीचं मिळायचं, तेही हाडं जास्त. शुक्रानं बकऱ्याचं कोवळं मटण घेतलं आणि कलेजी घेतली, पिशवी भरून. परतताना तंबूच्या दारात गणू भेटला. गणू म्हणजे सर्कशीतला जोकर, कमरेएवढा उंच, जीभ मात्र हातभर.

"काय कॅप्टन, बकरा कापला? आम्हाला आवतण नाही ते!"

"मला नि चिंधीला हाय."

"आणि ती?" गणूनं पिंजऱ्याकडं मान केली.

"तिला उपास."

खोटं बोलायची सवय नव्हती, तरी जमलं. पिंजऱ्यामागच्या आडोशाला बसून त्यानं मटणाचे बारीक तुकडे केले, तिचे दात पडले होते म्हणून. आणि गजांतून हात घालून एकेक घास भरवायला लागला.

"खा बाय," तो म्हणत होता. "सावकाश खा. हितून पुढं कोन घालील, कसं घालील, ठावं नाय. कुनी इचारलं तर सांग, बापसानं जेवू घालून धाडली म्हनावं."

शेवंतीनं कलेजी खाल्ली, मटण खाल्लं, त्याची बोटं खरखरीत जिभेनं चाटून साफ केली. मोठा श्वास सोडला आणि आडवी झाली. पोट कसं तट्ट फुगलं होतं. शुक्रा तिच्याकडं बघत राहिला. सांगतो ना, त्या सकाळी अख्ख्या पनवेलात त्याच्याएवढा सुखी माणूस नव्हता. इतक्या वर्षांचा कसला तरी काटा निघाल्यासारखं वाटत होतं त्याला. पिंजरा बदलायचं काय घेऊन बसलात, हाक मारली की येईल. माझ्या शब्दावर येईल.

गाडी दहाच्या सुमाराला आली. मागं नवा कोरा लोखंडी पिंजरा, बरोबर दोन माणसं आणि एक तरुण डॉक्टरीण, स्नेहा नावाची. शुक्राला वाटलं होतं, सरकारी माणसं म्हणजे खेकसतील. ही पोरगी आली ती आधी शेवंतीसमोर खाली बसली. "किती सुंदर ठेवलीय हो तुम्ही," म्हणाली. मग शुक्राकडं वळून, "काका, तुम्हीच सांभाळता ना हिला? मला हिला इंजेक्शन द्यायचं नाहीये. वय झालंय, धोका नको. शेठ म्हणाले, तुमच्या हाकेला येते. तुम्हीच आणा तिला गाडीतल्या पिंजऱ्यात. आली तर फार बरं होईल."

शुक्राची छाती फुगली. दोन्ही पिंजऱ्यांची दारं एकाला एक भिडवली, वर ओढून उघडली. सगळी कंपनी गोळा झाली होती. झोक्यावरच्या मुली, बॅण्डवाले, स्वैपाकी, गणू. आजूबाजूच्या बिल्डिंगींतली पोरंटोरंही कुंपणाला लोंबकळलेली. शुक्रा नव्या पिंजऱ्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला, हातात रोजचा मांसाचा तुकडा.

"ये गं बाय."

शेवंतीनं एक डोळा उघडला, बघितलं आणि मिटला.

"ये गं शेवंते. ये माजी बाय."

तिनं कान हलवला. मांसाचा वास आला असणार, कारण नाक एकदा फुरफुरलं. मग तिनं तोंड पलीकडं फिरवलं आणि पाय पसरून झोपून गेली.

पोरं हसली. शुक्रानं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. गोड बोलला, रागावला, गाणं म्हटलं, ती पिल्लू असताना म्हणायचा ते. ऊन डोक्यावर चढलं, घामानं सदरा अंगाला चिकटला. शेवंती ढिम्म. आणि तिथं, सगळ्यांच्या देखत, हातातला तो तुकडा पुढं धरून उभा असताना शुक्राला कळलं. ती कधी त्याच्या शब्दावर येत नव्हती. सोळा वर्षं ती भुकेवर येत होती. आज भूक नव्हती, तर तो तिचा कुणीच नव्हता. हात्तिच्या, एवढी साधी गोष्ट! सर्कशीतल्या कुत्र्यालाही माहीत असेल. त्याच्याच तेवढी ध्यानात आली नव्हती.

डॉक्टरीण जवळ आली. "काका, उपाशी आहे ना ही?"

शुक्रानं शेठकडं बघितलं. शेठ त्याच्याकडंच बघत होते, भरवशानं. एवढी कंपनी उभी. ज्याला कानफटवलं होतं तोही उभा. तीस वर्षं सर्कशीत काढलेला कॅप्टन शेखर, आणि काय सांगणार? म्यां खाऊ घातलं?

"व्हय," तो म्हणाला.

"मग मांसाकडं बघत कशी नाही?"

"नवा पिंजरा हाय. भेतेय."

गणूनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. आता वाटतं, निदान त्यानं तरी बोलायला हवं होतं. पण आपल्या माणसाला चारचौघांत कोण उघडं पाडतं?

डॉक्टरीण गाडीवरच्या माणसांशी बोलली. दिवसाउजेडी घाट चढायला हवा होता, थांबून चालणार नव्हतं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "द्यावंच लागेल," म्हणाली. "हलकं देते. घाबरू नका, झोपेल फक्त." एक लांब नळी काढली, तिच्यात सुई बसवली.

झोपेल फक्त, शुक्रानं मनाशी म्हटलं. झोपलीच तर आहे. आणि तरीही एक गोष्ट आठवली. भरल्या पोटी गाडीत चढवलेला आणि ओकून गुदमरलेला एक वाघ त्यानं तरुणपणी बघितला होता. "बाय, थांबा," तो म्हणाला. पण तेवढ्यात तिनं नळीत फुंकर मारली. सुई शेवंतीच्या मांडीत गेली. शेवंती दचकून उठली, गुरगुरली, पुन्हा बसली.

डॉक्टरीण वळली. "काय म्हणालात काका?"

त्या वेळी सांगितलं असतं तरी काही करता आलं असतं. उतारा होता तिच्या पेटीत, तिनंच मागाहून सांगितलं. पण शुक्रा म्हणाला, "काय नाय."

हे 'काय नाय' त्याला जन्मभर पुरणार होतं.

शेवंतीची मान डुलायला लागली. मागचे पाय फाकले. आणि एकदम तिचं पोट आत ओढलं गेलं, एकदा, दोनदा, तोंडातून लाळ आली, आणि मान खाली पडली. अंग हलत नव्हतं, पण आतून काही वर येत होतं, आणि बाहेर टाकायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. घशातून घर्र घर्र असा आवाज आला. डॉक्टरीण किंचाळली, "दार उघडा! दार!" आणि सिंहिणीच्या पिंजऱ्यात धावत शिरली ती पोरगी, मागं न बघता. शुक्रा तिच्यामागोमाग शिरला. दोघांनी शेवंतीचं डोकं खाली केलं. डॉक्टरणीनं जीभ बाहेर ओढली, घशात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढलं. पुन्हा घातला, पुन्हा काढलं. पेटी मागवली, सुई दिली, छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. शेवटी शेवंतीच्या नाकाशी गाल नेऊन ती थांबली आणि तिथंच बसली. शेवंतीचं डोकं शुक्राच्या मांडीवर होतं. डोळे अर्धे उघडे. मोतीबिंदूचा आणि धड, दोन्ही आता सारखेच दिसत होते.

कुंपणावरची पोरं एकेक करून खाली उतरली.

डॉक्टरणीनं बाहेर काढलेल्यातला एक तुकडा उचलून पुढं धरला. "हे काय आहे?"

गणूनं तोंड फिरवलं.

"काका, हे काय आहे? ही कलेजी आहे. बारीक कापलेली. कुणी घातली?"

"मीच," शुक्रा म्हणाला.

शेठच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं.

"पण मी विचारलं तुम्हाला. मी विचारलं ना?"

"व्हय."

"का घातलीत? का?"

वाडीतली रीत सांगणार, दिपाचं सांगणार, टेम्पोचा हॉर्न सांगणार? शुक्रा शेवंतीच्या कानामागं खाजवत होता, तिला आवडायचं तसं. "पोर सासरी चालली व्हती," तो म्हणाला. "उपाशी कशी धाडू?"

डॉक्टरणीला रडू फुटलं. ती ओरडली असती, दोन मुस्कटात दिल्या असत्या तर शुक्राला बरं वाटलं असतं. पण ती पोरगी रडतच म्हणाली, "अहो काका, उपाशी असती तर आपल्या पायांनी चालत गेली असती हो."

शुक्राला ते ठाऊक होतं. जगात त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढची व्यवस्था करायला साहेब लोक येईपर्यंत मढं आवाराबाहेर न्यायचं नव्हतं. चौघांनी शेवंतीला तंबूमागं आडोशाला ठेवली, वर ताडपत्री घातली. डॉक्टरीण गाडीत जाऊन बसली, तोंड झाकून. शेठ शुक्राजवळ येऊन उभे राहिले. त्यांचेही डोळे लाल झाले होते. "शुक्रा," ते म्हणाले, "तीनचा खेळ लावावा लागेल रे. रांग डंपरच्या रस्त्यापर्यंत गेलीय. परत पाठवलं तर उद्या मीठ-मिरचीला पण मिळायचं नाही. तू बस. तू आत येऊ नकोस."

शुक्रा बसला. चिंधी ताडपत्रीच्या उशाशी बसली होती आणि पदरानं माशा हाकलत होती. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. काल बोलले ते कशाला बोलले, असं तिच्या मनात येत होतं की काय, देव जाणे. जरा वेळानं तिनं ताडपत्री सारखी केली, बाहेर राहिलेला पंजा आत घेतला.

आत बॅण्ड सुरू झाला. तंबू गच्च भरला होता. झोका झाला, टाळ्या. कुत्र्यांनी गोल उड्या मारल्या, टाळ्या. ठिगळाच्या कापडामागून सगळं ऐकू येत होतं. एक पोर कुणाला तरी विचारत होतं, "सिंह कधी? सिंह कधी?" शुक्रानं कानांवर हात ठेवले.

सगळ्यांचं लक्ष उडालेलं. कॅसेट बदलायची कुणाच्या डोक्यात येणार? ती आपली पुढं सरकत राहिली. ढोल वाजला आणि लाउडस्पीकर गरजला, "अब आ रहे हैं कॅप्टन शेखर और उनकी रॉयल प्रिन्सेस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग शांतता. अख्खा तंबू श्वास धरून पिंजऱ्यापासून रिंगणात येणाऱ्या बोळीकडं बघत होता. बोळीत तिचा वास अजून होता. पोरं आयांच्या मांडीवर चढली असणार. शुक्रा उठला. पाय आपोआप चालायला लागले, रोजच्यासारखे. कापडाच्या फटीपाशी जाऊन तो थांबला आणि आत बघितलं. रिंगण रिकामं. स्टूल मांडलेलं. लोक वाट बघताहेत, मिनिटभर, त्याहून जास्त. एकानं शिट्टी मारली. मागून दुसऱ्यानं.

रिंगण रिकामं ठेवायचं नाही, हेही सर्कशीतलं शास्त्रच. बोळीतून गणू आला. चार पायांवर, पार्श्वभाग हलवत, कमरेला दोरीचं शेपूट बांधून. स्टुलावर चढायला गेला आणि पडला. पुन्हा चढला, तोंड मोठ्ठं उघडून जांभई दिली आणि पहिल्या रांगेकडं बघून "म्यांव" केलं.

तंबू कोसळेल असं हसले लोक. व्यापारी खुर्च्यांवर थापा मारत होते. आयांच्या मांडीवरची पोरं खाली उतरून नाचायला लागली. "वन्स मोर! वन्स मोर!" गणूला पुन्हा पडावं लागलं, पुन्हा म्यांव करावं लागलं. शेवंतीला तिच्या ऐन उमेदीत एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. शुक्रानं प्रत्येक चेहरा बघितला. सिंह कुठं गेला, असं एकही तोंड विचारत नव्हतं. मघा विचारणारं ते पोरसुद्धा बापाच्या खांद्यावर बसून हात वर करत होतं.

तो परत ताडपत्रीपाशी आला आणि चिंधीशेजारी खाली बसला. हसण्याची लाट पुन्हा उसळली, तंबूचं कापड थरथरलं.

"काय चाललंय आतमंदी?" चिंधीनं विचारलं.

"शेवंतीचा खेळ," शुक्रा म्हणाला. "लोकांना आवडलाय."